पुठ्ठ्याच्या फटीतून

माघाच्या उतरत्या उन्हात टेकडी सोन्याची दिसत असे. सोने तिथे नव्हते. तिथे गवत होते, वाळलेले, हरितद्रव्य हरपलेले, पेंढ्याच्या रंगाचे. आणि त्या गवतावर क्षितिजाकडे कललेल्या सूर्याची तिरकस, दूरपथगामी, धूलिगाळीव किरणे पडत. निळा प्रकाश वाटेतल्या हवेतच विखरून जाई. तांबूस आणि पिवळा तेवढा पोचे. पाहणाऱ्याला वाटे, सुवर्ण. पाहणारा चुकत असे. परंतु चूक रम्य होती, आणि ती रोज साडेपाचला नेमाने घडत असे.

त्या उतारावर एक सोनसावर उभी होती. निष्पर्ण. भस्मवर्णी. कृशशाख. अंगावर पान एकही नाही, आणि फुले मात्र तळहाताएवढी, पीतकांती, रेशीमकाय, काड्यांच्या टोकांना कुणी दिवे बांधावेत तशी. पानांच्या आधी फूल. कारणाच्या आधी परिणाम, असे एखाद्या भाबड्याला वाटावे. झाडाच्या बाबतीत तसे काही नसते. कारण मागच्या पावसातच खोडात साठून राहिलेले असते. ते दिसत नाही, एवढेच.

टेकडीच्या पायथ्याला, पुण्याच्या पश्चिम कडेवर, एका दुमजली इमारतीच्या वरच्या खोलीत उल्का कारखानीस फ्रेंच शिकवीत असे. खोलीला पश्चिमेची खिडकी, खिडकीत टेकडी, टेकडीवर सोनसावर. वर्ग आषाढात सुरू होई, आणि माघात, ते झाड फुलले की, अभ्यासक्रमात तो काळ येई: कोंदिस्योनेल पासे. जे घडले असते आणि घडले नाही, त्याचा काळ. मराठी त्याला क्रियापदामागे एक ‘असते’ जोडून निभावून नेते. गेले असते. आले असते. झाले असते. फ्रेंचांनी त्याचे कोष्टक बांधले, आणि ते कोष्टक बावीस माणसांच्या तोंडून उल्का रोज संध्याकाळी वदवून घेई.

झोरे, त्यू ओरे, इल ओरे. मी केले असते, तू केले असतेस, त्याने केले असते. नूझोरियों, व्हूझोरिये, इलझोरे. आम्ही, तुम्ही, त्यांनी. नर्सा, अभियंते, गृहिणी, एक निवृत्त मुख्याध्यापक. कुणी क्यूबेकच्या वाटेवर, कुणी नुसत्या हौसेच्या. सगळे एका लयीत, एका स्वरात, न केलेल्या गोष्टी म्हणत. बाहेरून ऐकणाऱ्याला ती प्रार्थना वाटे. ती उजळणी होती.

मग उल्का फळ्याकडे वळे, आणि दर वर्षीचे तेच वाक्य, त्याच ठिकाणी, त्याच वळणदार अक्षरांत लिही.

सी ला लेत्र एते आरिव्हे, झ सरे पार्ती.

पत्र पोचले असते, तर मी गेले असते.

वाक्य खरे होते, असे ती सांगे. बावीस तुकड्यांना तिने ते सांगितले होते. तेवीस वर्षांपूर्वीच्या माघात आल्प्सच्या कुशीतल्या ग्रनोबल नगरीतून, तिथल्या एका विद्यापीठातून, तिला पत्र आले होते: दोन वर्षे या, भाषा शिकवा, भाषेवर संशोधन करा, पंधरवड्याच्या आत सही केलेले स्वीकृतिपत्र पाठवा. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, आणि तिला कावीळ झाली होती. डोळे हळदीचे, नखे हळदीची, उशीवर पसरलेले केस, आणि उशाशी तो निळसर हवाई लिफाफा. तिने पडल्यापडल्या सही केली. लिफाफा चिकटवला. पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला. पत्र टाकायला नवऱ्याकडे दिले.

ते पोचले नाही. तीन महिन्यांनी तिथून चार ओळी आल्या: आपला होकार न मिळाल्यामुळे जागा पुढील उमेदवारास देण्यात आली आहे.

“मग?” दर वर्षी कुणीतरी विचारी.

“मग काही नाही,” उल्का म्हणे. “कुठल्यातरी गोणीत, कुठल्यातरी बंदरात, कुठल्यातरी टेबलाखाली ते पडलं असेल. माझं एक अख्खं आयुष्य तिथे पडलंय. तुम्ही कुणी तिकडे गेलात तर टेबलाखाली बघा.”

वर्ग हसे. तीही हसे. दुःखाला इतक्या वेळा उदाहरण केले की ते गुळगुळीत होते, नदीतल्या गोट्यासारखे. हातात धरता येते, दाखवता येते, टोचत नाही.

या वर्षी शेवटच्या बाकावर श्रीकर कारखानीस बसला होता.

श्रीकर तिचा नवरा. धातुशास्त्रज्ञ, बावन्न वर्षांचा, एका ओतशाळेत वितळलेल्या लोखंडाचे तापमान, कार्बनचे प्रमाण आणि थंड होण्याची गती यांवर आयुष्य वेचलेला. चैत्रात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे होणार होती. त्यानिमित्त त्याने ग्रनोबलची दोन तिकिटे काढली होती आणि जाण्याआधी भाषा यावी म्हणून आषाढात तिच्याच वर्गात नाव घातले होते. घरी तो तिला उल्का म्हणे; वर्गात मादाम. घरी ती त्याला अरे म्हणे. वर्गात मस्यो कारखानीस. या दुहेरी संबोधनाचा वर्गाला फार आनंद होता.

“मादाम,” क्यूबेकला निघालेली नर्स प्रणोती सोनकांबळे एकदा म्हणाली होती, “मस्यो गृहपाठ करत नाहीत तेव्हा तुम्ही पालकांना बोलावता का?”

“पालक मीच,” उल्का म्हणाली होती. “म्हणून तर कठीण आहे.”

आणि सगळे हसले होते. शेवटच्या बाकावरचा सर्वांत उशिरा.

आणि मंगळवारी, तो काळ वर्गात आला त्या दिवशी, त्याने ती कहाणी पहिल्यांदा तिच्या विद्यार्थ्यांमध्ये बसून ऐकली. घरी ती कधीच सांगितली जात नसे. घरी ती माहीत होती. फळ्यावर पांढरे वाक्य. खिडकीत पिवळे झाड. वर्गात हसू. पत्र पोचले असते, तर. तो त्या वाक्याकडे पाहत राहिला, भट्टीच्या झरोक्यातून धातूकडे पाहावे तसा, बुबुळ न हलवता.

त्या दिवशीचा गृहपाठ: दहा वाक्ये, या काळातली.

आणि गृहपाठ देताना उल्काने नेहमीचा नियम सांगितला. “वाक्यं खरी असायची गरज नाही. सरावाचं वाक्य म्हणजे साक्ष नव्हे. कुणाला दुःख झालं म्हणून मी गुण देत नाही, आणि कुणी खून केला म्हणून कापत नाही. क्रियापद बरोबर पाहिजे.”

“मी लिहू का,” प्रणोती म्हणाली, “की माझा नवरा हरवला असता, तर मी शोधलं नसतं?”

“लिही. ‘शोधणे’ नीट चालव. नवऱ्याचं तू बघ.”

असा हा वर्ग होता. इथे दर वर्षी सासवा मरत, घरे जळत, राजे पदच्युत होत, आणि कुणी कुणाला काही विचारत नसे.

वह्या तपासण्याची उल्काची एक रीत होती. बिस्किटाच्या खोक्याचा, वीतभर लांबीचा एक पुठ्ठा तिने कापून घेतला होता; त्याच्या मधोमध बोटभर रुंदीची फट. पुठ्ठा ओळीवर ठेवायचा आणि सरकवायचा. फटीतून क्रियापद दिसे. उरलेले वाक्य झाकलेले राही. कर्ता झाकला, कर्म झाकले, कारण झाकले, माणूस झाकला. उरे ते साहाय्यक क्रियापद, त्यामागचे कृदन्त, आणि त्यांच्यामधले शुद्ध, निर्वैर, निर्जंतुक नाते. बावीस वह्या दीड तासात होत. वीस वर्षांत त्या पुठ्ठ्याने तिला एकदाही फसवले नव्हते, कारण त्याच्याकडे तिने शुद्धतेपलीकडे काही मागितलेच नव्हते.

बुधवारी संध्याकाळी बाकीच्यांच्या वह्या आल्या. गुरुवारी सकाळी, ती दूध तापवीत असताना, श्रीकरने जेवणाच्या टेबलाशी बसून आपली दहा वाक्ये लिहिली.

तेवीस वर्षे त्याच्यापाशी या गोष्टीसाठी भाषा नव्हती. मराठीत ती सांगायला गेले की वाक्य सरळ छातीवर येई: मी पत्र टाकले नाही. ते वाक्य त्याने अनेकदा जिभेपर्यंत आणले होते आणि गिळले होते. आता त्याला एक असा काळ सापडला होता ज्यात कोणतीही गोष्ट घडत नाही. ज्यात अपराध अपराध न राहता केवळ एक अट होतो, आणि अटीमागून स्वल्पविराम येतो. तो लिहीत गेला. अक्षर स्वच्छ, ओळी सरळ, रूपे, त्याच्या मते, बिनचूक. दहा वाक्ये. त्याने वही इतर वह्यांच्या खाली सरकवली आणि आंघोळीला गेला.

ऊन टेबलावर आले. उल्काने चहा घेतला, पुठ्ठा घेतला, लाल पेन घेतले.

बाविसावी वही त्याची होती. पुठ्ठा सरकला. टाकले असते; बरोबर. पोचले असते, बरोबर. गेला असता, बरोबर. तिच्याच फळ्यावरची क्रियापदे होती. दर वर्षी निम्मी वही त्याच क्रियापदांनी भरलेली असे, कारण विद्यार्थी आळशी असतात. भ्यालो नसतो, बरोबर. सांगितले असते, बरोबर. दहा वेळा फट थांबली, दहा वेळा लाल खूण उमटली. खाली तिने लिहिले: दहापैकी दहा. आणि नवरा आहे म्हणून कमी नको, जास्तही नको, असे मनाशी तोलून एक शेरा: त्रे ब्यां. फार छान.

आणि इथून पुढे, तीन दिवस, त्या घरात दोन माणसे दोन वेगळ्या घरांत राहिली.

श्रीकरने वही उघडली तेव्हा त्याला दहा लाल खुणा दिसल्या. वाक्यागणिक एक. त्याने शेरा वाचला. तो पुन्हा वाचला. भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला वाटले, तिने वाचले. तिने दहाही वाचली, आणि प्रत्येकावर, आपल्या हाताने, लाल शाईने, क्षमा केली. बोलली नाही, कारण ती तशीच आहे. मोठ्या गोष्टीला ती मोठा आवाज देत नाही. तेवीस वर्षांचे लोखंड एका क्षणात त्याच्या छातीवरून उतरले.

मग त्याने रामफळे आणली. कुरकुरणाऱ्या खिडकीच्या बिजागरीला तेल दिले. ग्रनोबलचा नकाशा टेबलावर पसरून तो तिला म्हणाला, “तू कुठे राहिली असतीस, सांग. नदीच्या अलीकडे की पलीकडे?” आणि ती हसून म्हणाली, “आता बरी क्रियापदं जमायला लागली.” तो गुणगुणत होता. तो तिच्याकडे पाहताना डोळे चुकवत नव्हता. तेव्हा तिला प्रथमच जाणवले की इतकी वर्षे तो चुकवत असे, आणि तिने त्याला लाजरेपणा म्हटले होते.

त्याच्या आनंदाला तिने प्रवासाचे कारण जोडले. तिच्या शांततेला त्याने क्षमेचे. दोन चुकीची गृहीतके समोरासमोर बसून जेवली, रामफळाचा गर वाटून खाल्ला, बिया एकाच वाटीत टाकल्या. काळ्या, गुळगुळीत, मुक्या बिया.

शनिवार उजाडला. शनिवार कलला. साडेपाचची ती रम्य चूक टेकडीवर घडू लागली.

वर्गाची एक चाल होती: ज्याला पैकीच्या पैकी, त्याने खिडकीपाशी उभे राहून आपली वाक्ये मोठ्याने वाचायची. आठ महिन्यांत श्रीकरवर ती पाळी आली नव्हती.

“मस्यो कारखानीस,” उल्का म्हणाली. “दहापैकी दहा. या पुढे.”

“घरातच पेपर फुटला वाटतं!” प्रणोती म्हणाली.

“घरी फक्त भांडणं फुकट मिळतात,” उल्का म्हणाली. “गुण नाही.”

हशा झाला. श्रीकर उठला नाही. त्याने तिच्याकडे पाहिले, विचारल्यासारखे. तिने मान हलवली: या. आणि त्याला तेही उमगले, असे त्याला वाटले. कागदावरचे पुरेसे नाही; तिला ते आवाजात हवे आहे. चारचौघांत, आणि तरी कुणाला कळू नये असे. केवढी युक्ती, केवढे औदार्य. तो कृतज्ञतेने उठला. खिडकीपाशी गेला. अर्धा चेहरा पिवळ्या प्रकाशात, अर्धा सावलीत. वही उघडली.

उल्का फळ्याकडे वळली होती. हातात खडू. तिच्या कानांनाही फट होती. वर्षांनुवर्षांच्या सवयीने त्या फटीतून क्रियापदेच आत येत.

मी त्या दिवशी पत्र टाकले असते, तर ते पोचले असते.

बरोबर, म्हणाला कान.

पत्र पोचले असते, तर तू गेली असतीस.

बरोबर. आणि कुठेतरी, फार आत, पुठ्ठा सरकला.

मी भ्यालो नसतो, तर खिडकी बंद झाली होती असे तुला सांगितले नसते.

खडू थांबला.

खिडकी. ती खिडकी तिने वर्गात कधी सांगितली नव्हती. त्या सायंकाळी, काविळीच्या त्या पिवळ्या सायंकाळी, दारातून आत येत तो म्हणाला होता: रजिस्टर करता आलं नाही, खिडकी बंद झाली होती, साधंच टाकलं. हे वाक्य जगात दोघांनाच ठाऊक होते. एवढे लहान, एवढे अनावश्यक, एवढे काळजीपूर्वक वाक्य. खोटे बोलणारा माणूस नेहमी थोडा जास्त तपशील देतो.

आता पुठ्ठा गेला होता. आता सगळी वाक्ये उघडी होती: कर्ता, कर्म, कारण, माणूस.

मी खरे सांगितले असते, तर आपण तक्रार करायला गेलो नसतो.

तिला ती रांग आठवली. बरे वाटू लागल्यावर ती टपाल कचेरीत तक्रार द्यायला गेली होती आणि तो सोबत आला होता. पाऊण तास तो तिच्यासाठी रांगेत उभा होता. तिच्या हाताला कंप होता म्हणून अर्ज त्याने लिहून दिला होता, आपल्या स्वच्छ, सरळ, बिनचूक अक्षरात: सदर पत्र गहाळ झाल्याने माझ्या पत्नीचे अपरिमित नुकसान झाले आहे. अपरिमित. शब्द त्यानेच निवडला होता.

पाच. सहा. सात. आठ. आवाज येत होता, स्थिर, उच्चार उत्तम. ती फळ्याकडे पाहत होती. फळ्यावर मंगळवारचे वाक्य अजून न पुसता ठेवलेले होते. तिच्या हातचे. ते वाक्य तिने बावीस वर्षे लिहिले होते आणि खरे म्हणून लिहिले होते. चारशेहून अधिक माणसे ते शिकून जगभर गेली होती. आता तिला दिसले की त्यातली अट खोटी होती. पत्र पोचले नाही, हे घडलेच नव्हते. पत्र निघालेच नव्हते. जे निघत नाही त्याला न पोचण्याचाही अधिकार नसतो. बावीस वर्षे ती फळ्यावर असत्य लिहीत आली होती. अक्षर तिचे, हात त्याचा.

आणि मग दहावे.

तू मला विचारले असतेस, तर मी सांगितले असते.

बाहेर सोनसावरीचे एक फूल सुटले. ते पाकळ्यापाकळ्यांनी झडत नाही. अख्खे, जडशीळ, एका तुकड्यात पडते.

टाळ्या वाजल्या. “वा!” निवृत्त मुख्याध्यापक बागवान सर म्हणाले. “वा, कारखानीस! मादामच्या एका वाक्यातून अख्खी गोष्ट उभी केलीत. काय कल्पना आहे!”

प्रणोतीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नर्स होती. चेहऱ्यातून रक्त मागे हटते तेव्हा ते कसे दिसते, हे तिला ठाऊक होते. तिने पाण्याची बाटली नुसतीच टेबलावर पुढे सरकवली.

उल्का पाणी प्यायली. झाकण लावले. आटे नीट बसवले.

“वाक्यं बरोबर आहेत,” ती म्हणाली. “बसा.”

आणि उरलेली वीस मिनिटे तिने शिकवले. फ्रेंचमध्ये भूतकाळात काही क्रियापदे ‘जवळ असण्या’चा आधार घेतात, काही नुसत्या ‘असण्या’चा; जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे ही दुसऱ्या प्रकारची. ती म्हणाली, वर्ग म्हणाला. जाणे. येणे. निघणे. पोचणे. लय चुकली नाही. खडूची भुकटी तिरप्या उजेडात तरंगत राहिली, कण कण वेगळा, कण कण मोजता येण्याजोगा, आणि सूर्य टेकडीमागे गेला तेव्हा गवत पुन्हा गवताच्या रंगाचे झाले.

घरी जायची वाट टेकडीच्या पायथ्याने जाई. दोघे चालत होते. मध्ये एका माणसाचे अंतर.

“मला वाटलं,” श्रीकर म्हणाला, “तू वाचलंस.”

ती चालत राहिली.

“खुणा केल्यास. त्रे ब्यां लिहिलंस. मी तीन दिवस... उल्का, मला वाटलं, तुला कळलंय आणि तू...”

“मी क्रियापदं वाचली, श्रीकर.”

पायांखाली वाळके गवत मोडत होते. थोड्या वेळाने तिने विचारले, एखाद्या प्रयोगाची कृती विचारावी तसे: “पेटीपर्यंत गेला होतास?”

“पेटीसमोर उभा होतो. बराच वेळ. मला वाटलं, दोन वर्षांनी तू परत येणार नाहीस.”

“आले नसतेही कदाचित. कोणास ठाऊक.” आणि हे ती कडवटपणाने म्हणाली नाही. न घडलेल्या गोष्टीला प्रयोग नाही, पुरावा नाही, मोजमाप नाही. ती गेली असती तर तिथे फुलली असती की थंडीने, एकटेपणाने, सहा महिन्यांत कोमेजून परतली असती, हे सांगणारे यंत्र कुणापाशी नाही. ग्रनोबल हरवले, असे म्हणण्याइतकाही आधार तिच्याकडे नव्हता. आधार होता एवढ्याचाच: रांगेत उभ्या राहिलेल्या त्या पाऊण तासाचा. अपरिमित या शब्दाचा. आणि फळ्याचा.

“पत्र कुठे आहे?”

तो थांबला. “आहे.”

ते घरी, त्याच्या ओतकामाच्या जाडजूड संदर्भग्रंथात होते, वरच्या फळीवर, लोखंड आणि कार्बन यांच्या समतोलाचा आलेख ज्या पानावर आहे त्या पानात. घरातल्या त्या एका पुस्तकाला ती कधी हात लावणार नाही, हे त्याने तेव्हाच हेरले होते. निळसर लिफाफा कडांना तपकिरी झाला होता. डिंक धरून होता. पत्ता तिच्या चोवीस वर्षांच्या अक्षरात. काविळीत लिहिलेला, म्हणून ओळ किंचित उतरलेली. तिने तो हातात घेतला. वजन जवळजवळ नव्हते.

“फाडून का टाकलं नाहीस?”

“ते जमलं नसतं मला,” तो म्हणाला.

म्हणजे तो स्वतःला चांगला माणूस समजत होता. तेवीस वर्षे, त्या पानाच्या आधाराने.

मग ती टेबलाशी बसली. त्याची वही उघडली. पुठ्ठा न घेता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, तिने दहाही वाक्ये वाचली. दुसऱ्या वाक्यात ती अडली. त्या भाषेत जाणारी स्त्री असेल तर गेल्याच्या शेवटी एक अक्षर अधिक लागते. उच्चारात ते ऐकू येत नाही, कागदावर मात्र लागते. पहिल्या वाक्यात, पत्रासाठी, त्याने ते लावले होते. पत्र तिकडे स्त्रीलिंगी आहे. दुसऱ्यात, तिच्यासाठी, तो विसरला होता. फटीतून हे दिसणे शक्य नव्हते. तिने ते अक्षर लाल शाईने घातले, लहान, वाटोळे, मुके. दहावर काट मारली. साडेनऊ लिहिले. शेरा तसाच ठेवला. क्रियापदांबद्दल तो खराच होता.

“चैत्रात मी जाईन,” वही मिटत ती म्हणाली. “तू येऊ नकोस.”

“उल्का...”

“विचारलं असतंस तर, असं लिहिलंयस. आता विचारते. आणखी काही आहे?”

श्रीकरने मान हलवली. नाही. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि त्या पाहण्यातच सगळे होते: यापुढे त्याच्या प्रत्येक ‘नाही’कडे ती अशीच पाहणार होती. विश्वास हा काही पदार्थ नव्हे की वितळवून पुन्हा ओतावा. भट्टीवरच्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते.

रविवारची सकाळ निरभ्र होती. पूर्वेचे ऊन टेकडीच्या पाठीमागून नव्हे, समोरून येत होते. त्यात सोने नव्हते, नुसता उजेड होता. सोनसावरीखाली कालचे फूल पडले होते, अजून पिवळे, अजून अख्खे, मुंग्यांनी वेढलेले.

कोपऱ्यावर लाल पेटी होती. उल्का तिच्यासमोर उभी राहिली. तीच जागा, तीच पेटी. रंग मधल्या काळात अनेकदा दिलेला. लिफाफ्यावरची तिकिटे आजच्या दराला अपुरी होती. तिथला विभाग असेल, नसेल. ज्याच्या नावाने पत्र होते तो प्राध्यापक बहुधा हयात नसेल. पत्र परत येईल, किंवा येणार नाही. उत्तराची शक्यता शून्याच्या इतकी जवळ होती की शहाण्या माणसाने तिला शून्यच म्हणावे. हे सगळे तिने हिशेबात घेतले. सगळे तिला मान्य होते.

परंतु पुढच्या माघात फळ्यावर एक वाक्य लिहायचे होते, आणि ते खरे असायला हवे होते.

तिने लिफाफा फटीत धरला. बोटभर रुंदीची फट. आत अंधार. एका टोकाला तिची बोटे, दुसऱ्या टोकाला तेवीस वर्षांपूर्वीचा तो एक पाऊलभर पुढचा क्षण, जो तेव्हा आलाच नाही.

बोटे सुटली.

अर्ध्या मीटरचे अंतर. सेकंदाचा तिसरा हिस्सा. एवढाच वेळ लागला असता. आजकाल पेट्या रिकाम्या असतात, म्हणून आवाज स्पष्ट आला: पोकळ लोखंडावर, हलका, कोरडा, एकदाच, कागद पडल्याचा.